फळीवरच्या मॅडम

वडगावात सिद्रामआप्पांच्या घरी रविवारी दोन्ही माग चालू होते, आणि त्या खडखडाटात त्यांची मुलगी मंजुश्री एका कानात बोट घालून, दुसऱ्या कानाला फोन दाबून ओरडत होती, "बाळंतपणं, मॅडम, बाळंतपणं! नऊ मुली आहेत माझ्या!"

पलीकडच्या मॅडमनी "देव तुम्हाला बळ देवो" म्हणून फोन ठेवून दिला.

मंजुश्रीचं लग्नही झालेलं नव्हतं. ती बेळगावातल्या एका नर्सिंग कॉलेजात शिकवत होती, आणि त्या नऊ मुली म्हणजे तिची तिसऱ्या वर्षाची तुकडी. शिकवायला तिला आवडायचं. पण आधीच्या बाई लग्न होऊन हुबळीला गेल्या आणि मुलींना कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वॉर्डात प्रॅक्टिसला पाठवायचं हे ठरवायचं काम तिच्या गळ्यात पडलं. हे काम बाहेरून सोपं दिसतं. मुली आपल्याकडे, दवाखाने गावभर, पाठवायचं, एवढंच. प्रत्यक्षात बेळगावात नर्सिंगच्या मुली इतक्या होत्या, की गेल्या महिन्यात एका बाळंतिणीच्या खाटेभोवती दोन कॉलेजांच्या चोवीस मुली उभ्या होत्या आणि बाळ नेमकं कुठून आलं हे त्यातल्या दोघींनीच पाहिलं. बाळंतीण म्हणाली होती, "एवढी माणसं माझ्या लग्नाला नव्हती."

त्यात ठरलेल्या दवाखान्याने शनिवारी संध्याकाळी कळवलं की प्रसूती विभागाचं छत गळतंय, दुरुस्ती होईपर्यंत विद्यार्थी नकोत. मुलींची बाळंतपणं पाहून, करून झाली नाहीत तर त्यांना परीक्षेला बसू देणार नव्हते. प्राचार्य साईनाथ सरांनी एवढंच म्हटलं होतं, "कुठेही बघा, मंजुश्री. पण सोमवारी मुली वॉर्डात दिसल्या पाहिजेत." तिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती, हे त्यांनी म्हटलं नाही. म्हणायची गरज नव्हती.

सिद्रामआप्पा मागावरून वाकून म्हणाले, "काय गं, बाळंतपणं करणारा डॉक्टर पाहिजे व्हय तुला?"

"व्हय आप्पा. कुठं बी. कसला बी."

"मग निपाणीकडं हाय की एक. नागेंद्र डॉक्टर. लई गुणाचा माणूस. त्याच्या लग्नातला शालू आपल्याच मागावरचा. हे घे नंबर."

मंजुश्रीने तिथेच फोन लावला. ओळख निघताच पलीकडून खणखणीत आवाज आला, "ओहो, आप्पांची मुलगी! बोला, बोला."

"सर, तुमचं हॉस्पिटल कुठलं?"

"सरकारी. ...शू आस्पत्रे. स्टँडच्या मागं."

पहिलं अक्षर मागाच्या धोट्याने गिळलं. पण कानडीत दवाखान्याला आस्पत्रे म्हणतात हे बेळगावात कुणाला शिकवावं लागत नाही, आणि बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे शिशू आस्पत्रेच असणार. मंजुश्रीच्या जिवात जीव आला.

"डिलिव्हरीच्या केसेस येतात ना, सर?"

"म्हणजे काय! ह्या दिवसांत तर लाईन लागती."

"नॉर्मल का सिझेरियन?"

"नॉर्मलच. अगदीच अडली तर दोरी लावून ओढायची."

मंजुश्री मनापासून हसली. सरकारी डॉक्टरला विनोदबुद्धी असणं ही काही रोजची गोष्ट नव्हे. "माझ्या नर्सिंगच्या मुली आहेत. त्यांना हात लावू देणार ना? का लांब उभं करणार?"

"नर्सिंगच्या? आमच्याकडं?" डॉक्टरांनी विचारलं. "पाठवा की! मला हाताखाली माणूसच न्हाई. फक्त त्यांना सांगून ठेवा, एकदम मागनं जायचं न्हाई. लाथ मारतात."

"कळा सोसत नाहीत हो, सर."

"व्हय तर. आणि बिचाऱ्यांना बोलून दाखवता येत न्हाई."

नर्सिंगच्या दहा वर्षांत मंजुश्रीने इतका कनवाळू डॉक्टर पाहिला नव्हता. "आणि बरोबर कोण असतं त्यांच्या?"

"मालक असतात की."

नवऱ्याला मालक म्हणायची आपल्याकडची जुनी रीत डॉक्टरसुद्धा पाळतात, याचंही तिला कौतुक वाटलं. फोन ठेवून तिने साईनाथ सरांना कळवलं, की जागा मिळाली, आणि माणूस देवासारखा आहे.

सोमवारी कॉलेजच्या बसने नऊ मुलींना आणि मंजुश्रीला त्या गावात सोडलं. मुली कडक इस्त्रीच्या पांढऱ्या गणवेशात होत्या. मंजुश्रीने नवी गुलाबी साडी नेसून वर पांढरा कोट घातला होता, कारण पहिल्या दिवशी दवाखान्यावर छाप पडावी लागते. दवाखान्याच्या कानडी पाटीच्या सुरुवातीला कुस्ती मैदानाचं भलं मोठं पोस्टर चिकटवलेलं होतं. मैदान त्याच दिवशी शेजारच्या गावात होतं, आणि एका पैलवानाच्या मांडीखाली पाटीचं पहिलं अक्षर गेलं होतं. उरलेलं '...शू आस्पत्रे' तिला स्वच्छ दिसलं.

"हितंच न्हवं मॅडम?" ड्रायव्हर गुंडूअण्णांनी विचारलं.

"हितंच, अण्णा. या तुम्ही संध्याकाळी." बस दुसऱ्या तुकडीला घेऊन पुढे निपाणीला निघून गेली.

आवार झाडून लख्ख केलेलं होतं. मध्ये जाड लोखंडी पाइपांची एक चौकट जमिनीत रोवलेली होती. अंजनी नावाची मुलगी वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची. तिने विचारलं, "मॅडम, हे काय असतं?"

"फिजिओथेरपीचं असेल," मंजुश्री म्हणाली. माहीत नाही असं म्हणायची शिक्षकांना सवय नसते.

"आणि हे?" अंजनीने खांबाला बांधलेल्या शेळीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात आतून गमबूट घातलेले, उंचेपुरे डॉक्टर नागेंद्र बाहेर आले. "बन्नी, बन्नी! या!" म्हणत ते जवळ आले आणि मुलींकडे बघून थबकले. "एवढ्या पांढऱ्या कपड्यांत? शेण लागलं की निघायचं न्हाई हो."

त्या क्षणी मंजुश्रीला सगळं एकदम समजलं. दोरी. लाथा. मालक. बोलता येत नाही बिचाऱ्यांना.

"सर," ती कशीबशी म्हणाली, "ही शिशू आस्पत्रे ना?"

"पशू," डॉक्टर म्हणाले. "पशू आस्पत्रे."

नऊ मुली मॅडमकडे बघत राहिल्या. शेळीही बघत राहिली.

"तुम्ही नर्सिंग म्हणालात तवा मला जरा शंका आलती," डॉक्टर ओशाळून म्हणाले. "पण म्हटलं नवीन धोरणात बसवलं असंल. हल्ली वरनं काय बी येतंय."

मंजुश्रीने बाजूला जाऊन वडिलांना फोन लावला. "आप्पा, तुमचा डॉक्टर जनावरांचा हाय!"

"व्हय की."

"मग सांगितला का न्हाईसा?"

"तू इचारलीस कुठं? तू म्हणालीस बाळंतपणं करणारा पाहिजे. करतोय का न्हाई?" मागे माग खडखडतच होता. "वर आणि म्हणालीस कसला बी."

बस संध्याकाळशिवाय येणार नव्हती. एसटीने परतावं तर साईनाथ सर गेटावरच भेटणार. मंजुश्री पायरीवर बसून काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होती, इतक्यात फाटकातून एक टेम्पो आवाज करत आत शिरला. मागे एक काळीभोर, डोंगराएवढी म्हैस उभी होती. तिच्या गळ्यात हात टाकून एक म्हातारी उभी होती, आणि चालवणारा तिचा मुलगा उतरायच्या आधीच ओरडत होता, "डॉक्टर! लौकर या! सकाळधरनं कळा देतीया, पर काय बी फुडं सरकंना!"

म्हातारीचं नाव नागुबाई आणि मुलाचं मष्णू. म्हशीला खाली उतरवून त्या लोखंडी चौकटीत घेतलं, तेव्हा फिजिओथेरपीचाही उलगडा झाला. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत लांब हातमोजा चढवला, हात आत घातला आणि डोळे मिटले. बराच वेळ ते तसेच उभे होते, दूर कुठला तरी आवाज ऐकत असल्यासारखे. मुली नकळत जवळ सरकल्या.

"गर्भाच्या पिशवीला पीळ पडलाय," ते डोळे उघडून म्हणाले. "रेडकू हाय आत. जिवंत हाय. पण वाट आवळून गेलीया. हात सुदीक फुडं जाईना."

"मग आता?" मष्णूने विचारलं.

"मग काय. म्हस लोळवायची. पिशवी फिरलीया उजवीकडं, म्हणून म्हस बी उजवीकडंच फिरवायची. वरनं फळीनं पोट दाबून धरायचं, म्हणजे पिशवी जाग्यावर ऱ्हाती आणि म्हस तिच्याभवती फिरती. पीळ सुटतो." डॉक्टरांनी आवारभर नजर फिरवली. "पण त्याला धा-बारा माणसं पाहिजेत, रं. माझा कंपाउंडर कुस्त्यांना गेलाय."

"सगळं गावच गेलंय की, डॉक्टर!" मष्णू रडकुंडीला आला.

नागुबाईने म्हशीच्या कपाळावर हात ठेवला आणि त्या पांढऱ्या कपड्यांतल्या मुलींकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. विनवणी नव्हती त्यात, की आज्ञाही नव्हती. माणसं मोजत होती ती.

मंजुश्रीने ते पाहिलं. ती उठली. "मुलींनो," ती म्हणाली, "बांगड्या, घड्याळं काढून पिशवीत ठेवा. केस घट्ट बांधा."

आणि नेमका त्याच वेळी फोन वाजला. साईनाथ सर.

"काय, मंजुश्री, केस मिळाली का?"

"हो, सर. एक आली आहे. अवघड आहे."

"वा! कितवं बाळंतपण?"

मंजुश्रीने नागुबाईला खुणेने विचारलं. "तिसरं, सर."

"बीपी?"

"इथे घेत नाहीत, सर."

"काय हे सरकारी दवाखाने! वजन तरी घेतलं का?"

डॉक्टर मागून म्हणाले, "साडेपाचशे तरी भरंल."

"वजन..." मंजुश्रीने म्हशीकडे पाहिलं, "जास्त आहे, सर."

"मग आहाराचा सल्ला द्या. तेवढं आपल्या मुलींना यायला पाहिजे. हिरवा पाला भरपूर खा म्हणावं."

"तोच खातात, सर."

"उत्तम!" म्हणून सरांनी फोन ठेवला.

म्हशीला मोकळ्या जागेत, भुसा अंथरून, उजव्या कुशीवर निजवलं. पुढचे पाय एका दोराने, मागचे दुसऱ्या दोराने बांधले. दोन्ही दोरांना तीन-तीन मुली लागल्या. डोकं मष्णूने धरलं, उरलेल्या तिघी पाठीशी गुडघे टेकून बसल्या. डॉक्टरांनी दवाखान्यामागून एक लांब जाड फळी आणली आणि म्हशीच्या पोटावर तिरकी टेकवली.

"आता हिच्या खालच्या टोकाला एक माणूस उभं ऱ्हायचं," ते म्हणाले. "जरा भारदस्त पाहिजे. पोरींचं काम न्हवं."

नऊही मुलींच्या नजरा एकाच दिशेला वळल्या, आणि लगेच शिस्तीत जमिनीकडे गेल्या.

मंजुश्रीने नव्या साडीचा पदर खोचला, चपला काढल्या आणि म्हशीच्या मालकिणीच्या खांद्याचा आधार घेऊन फळीवर चढली. पायाखाली पहिल्यांदा लाकूड लागलं. मग लाकडाखाली काहीतरी प्रचंड, उबदार, श्वास घेणारं. आणि त्याच्याही खाली, खोल आत, तळव्याला एक बारीक धक्का बसला. कुणीतरी आतून दार वाजवावं तसा. ती इतकी दचकली की पडता पडता सावरली.

"डॉक्टर, हललं!"

"मग त्याच्यासाठीच तर चाललंय," डॉक्टर म्हणाले. "हं! ओढा!"

मुलींनी दोर ओढले. म्हैस फिरेना. पुन्हा ओढले. अंजनी घसरून भुशात बसली आणि बसल्या बसल्याच ओढत राहिली. तिसऱ्या वेळेला मष्णूने "हर हर महादेव" म्हणून आरोळी ठोकली, नऊ गळ्यांनी ती उचलली, आणि ते काळं धूड हळूहळू पाठीवर आलं, चार पाय आभाळाकडे झाले आणि धप्पकन पलीकडे गेलं. फळीवर मंजुश्री पीठ मळल्यासारखी पावलं टाकत तोल सांभाळत होती. "मॅडम, शाब्बास!" असं कुणीतरी ओरडलं, आणि वर्गात असं ओरडणाऱ्याला तिने नक्की बाहेर काढलं असतं.

डॉक्टरांनी हात घालून पाहिलं. मान हलवली. "निम्मा सुटलाय. पुन्यांदा."

पुन्हा म्हशीला मूळ जागी आणून निजवलं. पुन्हा फळी, पुन्हा मॅडम, पुन्हा आरोळी. या वेळी म्हैस फिरली आणि एकदम पाण्याचा लोट आला. डॉक्टर, फळी, मंजुश्रीच्या निऱ्या, सगळं भिजलं. कुणीही किंचाळलं नाही.

"सुटला!" डॉक्टर गुडघ्यावर बसले. "सोडा दोर. आता गप ऱ्हावा सगळ्या. तिचं तिला करू द्या."

आवार शांत झालं. दुरून, शेजारच्या गावातून, कुस्तीच्या हलगीचा आवाज येत होता तेवढाच. म्हैस एक लांब श्वास घ्यायची, थांबायची, आणि तिच्या सगळ्या अंगातून एक लाट मागे जायची. आधी दोन पांढुरके खूर दिसले, मऊ, साबणाच्या वडीसारखे. मग त्यांच्यावर टेकलेलं नाक. मुलींनी हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं, रबरी बाहुलीवर केलेलं होतं, चोवीस जणींच्या डोक्यांमागून ऐकलेलं होतं. आता मध्ये कुणाचं डोकं नव्हतं. डॉक्टरांनी खुणेने दिपालीला पुढे बोलावलं आणि तिचे हात त्या ओल्या पायांवर ठेवले. "कळ आली की ओढ. कळ थांबली की थांब. तिच्याबरूबर चल."

दिपाली खानापूरकडची, गुंजीजवळच्या शेतकरी घरातली. घरी चार म्हशी. ती कळेबरोबर ओढत होती, थांबत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. शेवटी सगळं अंग एकदम, मासा निसटावा तसं, तिच्या मांडीवर येऊन पडलं.

ते हललं नाही.

डॉक्टरांनी नाकातोंडातला चिकटा काढला. अंजनी कुणी न सांगता पुढे झाली आणि आपल्या पांढऱ्या ओढणीने ते काळं अंग खसाखसा पुसायला लागली. बाहुलीवर शिकवलं होतं अगदी तसं, तोंडाने मोजत. डॉक्टरांनी एक काडी उचलून त्याच्या नाकपुडीत फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली.

मग रेडकू शिंकलं.

एवढीशी शिंक. पण मंजुश्रीच्या अंगावर मानेपासून टाचांपर्यंत काटा आला. तिने आयुष्यात शेकडो बाळंतपणं पाहिली होती. दिव्यांच्या उजेडात, घड्याळाकडे बघत, पुढच्या पेशंटची खाट मोकळी होते का याची काळजी करत. कधीतरी, तिला न कळता, तिने ते बघायचं सोडून नुसतं उरकायला सुरुवात केली होती. आणि आज ती भुशात, अनवाणी, ओल्या साडीत उभी राहून एका रेडकाला दुसरा श्वास घेताना बघत होती आणि तिला हात जोडावेसे वाटत होते. कुणाला, ते तिला सांगता आलं नसतं. म्हशीने मान वळवली आणि पोटातून एक हलका, घुमणारा हुंकार दिला. तसा आवाज एवढ्या मोठ्या जनावराकडे असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. रेडकाने कान हलवले. ओळखलं त्याने.

"रेडी हाय," डॉक्टर म्हणाले.

"दिपाली," मंजुश्रीने हळूच विचारलं, "तू तर घरी बघितलं असशील गं हे?"

"न्हाय, मॅडम," दिपालीने खांद्याने डोळे पुसले. "म्हस व्यायला लागली की आमच्यात पोरींना गोठ्यातनं भाईर काढतात. आज पयलंच."

नागुबाईने प्रत्येक मुलीच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग मंजुश्रीपुढे येऊन थांबली. "तुमी माणसांची बी करता व्हय बाळंतपणं?"

"माणसांचीच करतो, आज्जी. चुकून इकडं आलो." आणि मंजुश्रीने तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता अंगावर काही राहिलंच नव्हतं.

म्हातारी ऐकून खो खो हसली. मग पदर खोचून म्हणाली, "चला माझ्याबरूबर. शाळंच्या मागं माणसांचा दवाखाना हाय की. बाळंतपणाचा. तिथली डॉक्टरीणबाई माझंच दूध घेती."

मंजुश्रीला तो दवाखाना ठाऊक होता. तिथे तिने शनिवारीच फोन केला होता, आणि 'विद्यार्थी घेत नाही' असं तुटक उत्तर मिळालं होतं. पण नागुबाई निघाली होती. तिच्यामागे शेणाने, भुशाने, पाण्याने माखलेल्या नऊ मुली, आणि शेवटी चपला हातात घेतलेली मंजुश्री. गावातली बायका-पोरं दारात येऊन ही मिरवणूक बघत होती.

डॉक्टरीणबाई पायरीवर चहा पीत उभ्या होत्या. "कॉलेजच्या मुली मी घेत नाही," त्या बघताक्षणी म्हणाल्या. "येतात, कोपऱ्यात फोन बघत उभ्या राहतात, आणि सही मागतात."

"ह्यांच्या हातात फोन दिसतोय व्हय कुठं?" नागुबाई म्हणाली. "माझी म्हस अडलीती. ह्या पोरींनी लोळवून सोडवली. ही मास्तरीण फळीवर हुबी ऱ्हायली. ह्यांना न्हाय म्हणालीस तर बघ. उद्याधरनं दूध बंद. आणि खरवसाचं तर नावच काढू नगंस."

डॉक्टरीणबाईंनी कप खाली ठेवला. मंजुश्रीकडे, तिच्या साडीकडे, तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं. "तुम्ही? फळीवर?"

"हो," मंजुश्री म्हणाली. "दोनदा."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. हसता हसता त्या खाली बसल्या. "ज्या मुली म्हशीएवढ्या पेशंटला भिऊन पळाल्या नाहीत," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांना माझ्या वॉर्डात काय अडचण? उद्यापासून या. पण आंघोळ करून या."

तिथूनच मंजुश्रीने साईनाथ सरांना फोन लावला. आता आडपडदा ठेवायचा नाही, असं तिने ठरवलं होतं.

"सर, मघाची केस. ती म्हैस होती."

"कोण?"

"पेशंट, सर."

सर हळूच म्हणाले, "मग बीपी न घेतलेलं चालेल." आणि मग, अगदी वेगळ्या, जुन्या आवाजात, "दोघी बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत, सर. रेडी झाली."

"छान. बाकीचं उद्या ऑफिसात बोलू." उद्या ऑफिसात ते खूप बोलले. पण मुलींना त्या दवाखान्यात जाऊ दिलं.

गुरुवारी तिथे पहिलं बाळंतपण आलं. ऊसतोडीच्या टोळीतली एक कोवळी पोर, पहिलटकरीण, भेदरलेली. मंजुश्रीने मुलींना काही सांगायची वेळच आली नाही. कुणी तिची पाठ चोळत होतं, कुणी कपाळ पुसत होतं, आणि दिपाली तिच्या कानाशी वाकून म्हणत होती, "कळ आली की जोर लाव. थांबली की थांब. आम्ही चालतोय तुझ्याबरूबर." दुपारी बाळ रडलं, तेव्हा नऊच्या नऊ मुली तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, आणि डॉक्टरीणबाईही घड्याळाकडे बघायचं विसरल्या होत्या.

मंजुश्री डोळे टिपत व्हरांड्यात आली, तोच तिचा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"फळीवरच्या मॅडम न्हवं?" एक घाबराघुबरा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"आमी बाजूच्या गावचं, मॅडम. नागेंद्र डॉक्टरांनी नंबर दिला. आमची म्हस अडलीया. माणसं गोळा केल्यात, दोर हाय, फळी बी हाय. पर डॉक्टर म्हंत्यात, तुमच्यावाणी पाय कुणाचा पडत न्हाय."

मी नर्सिंगची प्राध्यापिका आहे, हा राँग नंबर आहे, असं सांगायला मंजुश्रीने तोंड उघडलं. मग तिने आत पाहिलं. बाळ आईच्या छातीवर निजलं होतं. मुली खिडकीतून तिच्याकडेच बघत होत्या.

"पीळ कुठल्या बाजूला हाय?" तिने विचारलं. "उजवा का डावा?"